हॅलोवीनचं गिफ्ट आणि पोळ्याचा बोजारा

दसऱ्याची लांबलचक सुट्टी संपली, दिवाळीची सुट्टी आली कधी नि गेली कधी ते कळलंही नाही (महाराष्ट्रातल्या भाच्यांना हे सांगितलं की त्यांना आपली कीव येते), आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढचा निरोप येऊन पडला. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन. मुलांनी वेशभूषा करून यावं, डब्यात काहीतरी ‘स्पूकी’ आणावं. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. तासाभराने आयांच्या वेगळ्या ग्रुपवर, जिथे खरं बोलणं होतं, एकीने विचारलं, “मुलांना हॅलोवीनचं गिफ्ट काय देताय?”

दुसरीने लगेच लिंक टाकली. प्लास्टिकची भोपळ्याची बादली, त्यात चॉकलेटं, अंधारात चमकणारा सांगाडा आणि चेटकिणीची टोपी. सगळं मिळून ७९९ रुपये, दोन दिवसांत घरपोच अदिलाबाद.

आमचे चिरंजीव तिसरीत आहेत. त्यांना वाचता येतं आणि माझा फोन त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतो. रात्री जेवताना प्रश्न आलाच. “आई, मला हॅलोवीनचं काय?”

खरं सांगते, मी ती बादली मागवणारच होते. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी स्वयंपाक, त्यात कोण वाद घालत बसेल? बोट बटणावर होतं. तेवढ्यात न्यू जर्सीहून माझ्या चुलत बहिणीचा फोन आला. तिला तिथे सोळा वर्षं झाली. म्हटलं, हिलाच विचारावं, हिच्या गावचा सण आहे.

“तू लेकीला हॅलोवीनला काय देतेस गं?”

“देते म्हणजे? काही नाही. ड्रेस आणते, तेवढंच. चॉकलेटं आणते ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी.”

मग तिने सगळं सांगितलं. ती दरवर्षी छोट्या चॉकलेटांच्या दोन मोठ्या पिशव्या आणते. संध्याकाळी सहा वाजले की दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर वाडगा घेऊन बसते. ज्या घराचा बाहेरचा दिवा लागलेला असेल त्या घरी मुलांनी जायचं. दिवा बंद असेल तर बेल वाजवायची नाही, एवढाच नियम. तिची लेक उशीचा अभ्रा घेऊन मैत्रिणींबरोबर चार गल्ल्या पालथ्या घालते. परत आली की सगळं गालिच्यावर ओतायचं, मोजायचं, नको ते देऊन हवं ते घ्यायचं. त्यातून बाप आपला ‘टॅक्स’ म्हणून दोन-चार उचलतो. “हल्ली काही आया ‘बू बास्केट’ म्हणून पोरांना घरीच टोपली भरून देतात,” ती म्हणाली, “पण ते इन्स्टाग्रामवरचं फॅड आहे. मी आले तेव्हा नव्हतं.”

म्हणजे आपण ज्याला त्यांचा सण म्हणून उचलतोय, त्यात आईबापांनी आपल्याच मुलाला गिफ्ट द्यायची पद्धत मुळात नाहीच! ती आपण आपल्याच डोक्यातून त्याला चिकटवली. वाढदिवसाला गिफ्ट, पहिल्या नंबराला गिफ्ट, पहिला नंबर नाही आला तर रडू नये म्हणून गिफ्ट. मग हॅलोवीनलाच का नको?

त्या रात्री झोप येईना म्हणून मी थोडं वाचलं. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा लागताना हा सण असायचा. त्याचं नाव ‘साविन’. त्या रात्री मेलेली माणसं आणि भुतंखेतं माणसांच्या जगात येतात, अशी समजूत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा आणि २ नोव्हेंबर हा मेलेल्यांच्या आत्म्यांचा दिवस झाला. आदली रात्र ती हॅलोवीन. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं घेऊन दारोदार जायची, पण नुसती हात पसरून उभी राहायची नाहीत. गाणं म्हणायचं, कविता म्हणायची, निदान एखादा विनोद सांगायचा, मग घरवाले सफरचंद नाहीतर अक्रोड द्यायचे. दिवे करायचे ते सलगम कोरून. ही माणसं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली, तिथे त्यांना भोपळा मिळाला, आणि तो कोरायला कितीतरी सोपा. (आपल्याकडे भोपळ्यात म्हातारी बसून वाघाला चुकवून लेकीच्या घरून परत येते, त्यांच्याकडे भोपळ्यात मेणबत्ती बसते. मला आपली म्हातारी जास्त आवडते.) दुसऱ्या महायुद्धात तिथे साखरेचं रेशनिंग आलं आणि ही मिठाईची फेरी थंडावली. युद्धानंतर पुन्हा जोरात सुरू झाली. १९५० साली फिलाडेल्फियात काही मुलांनी दारोदार मिठाईऐवजी सुटी नाणी मागून ती युनिसेफला पाठवली, आणि तीही पुढे तिथली एक रीत झाली.

हे वाचता वाचता मी एका ठिकाणी अडले. मुलं सजून निघतात, दारोदार जातात, काहीतरी करून दाखवतात, आणि शेजारी त्यांच्या हातावर काहीतरी ठेवतात. हे मला माहीत होतं. हा तर बोजारा!

तुमच्यापैकी जे हैदराबादेत किंवा पुण्यात वाढले, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. आपल्याकडे जैनद, बेला, तामसीच्या बाजूला आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळ-चंद्रपूरकडे तो जवळपास एकाच पद्धतीने होतो. व्हायलाच हवा, १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच जिल्ह्यात होते, सोयरिकी आजही तिकडच्याच आहेत. त्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात. पोळा फुटला की बैल घरोघरी नेतात, घरची बाई बैलाचे पाय धुते, पुरणपोळी खाऊ घालते, आणि बैल आणणाऱ्या सालदाराच्या हातावर धान्य किंवा पैसे ठेवते. तो बोजारा. वर्षभर त्या बैलांबरोबर जो राबला, त्याचा त्या दिवशीचा मान.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मुलांचा. नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजीराजांनी मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला, असं नागपुरात सांगतात. मुलं लाकडाचा किंवा मातीचा बैल सजवतात, कुणी शेतकरी होतं, कुणी शंकर-पार्वती, आणि घरोघरी जाऊन बोजारा घेतात. त्याच दिवशी सकाळी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. हे मोठाले राक्षसी पुतळे गावाची इडापिडा घेऊन जाळायला निघतात. खेड्यांत पहाटे पळसाच्या फांद्या गावाबाहेर नेऊन टाकतात. म्हणजे भीती घालवायची ती सकाळी, आणि खाऊ मिळवायचा तो संध्याकाळी. हॅलोवीनचे दोन्ही भाग आपल्याकडे एकाच दिवशी उरकतात, आणि कुणाला ७९९ रुपये पडत नाहीत.

इथवर लिहून लेख संपवता आला असता. ‘आपल्याकडे सगळं होतंच’ म्हणायचं आणि आपलीच पाठ थोपटायची. पण मग मला माझं सांगावं लागतं, आणि ते तितकंसं बरं नाही.

आमच्या घरी एक सागवानी बैल आहे. सासऱ्यांसाठी त्यांच्या वडिलांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेला. चार चाकं, एक शिंग तुटून पुन्हा जोडलेलं, मानेखाली पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेली जागा. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला सासूबाईंनी त्याला तेल लावलं, माझ्या मुलाला धोतर नेसवलं, डोक्याला रुमाल बांधला. तो आणि मी आमच्या अपार्टमेंटमध्ये निघालो. दोन घरी छान झालं. तिसऱ्या घरी दार उघडलं ते आपल्यातल्याच एका गृहस्थांनी, चांगले शिकलेले, हुद्द्यावर असलेले. बैलाकडे बघून हसले आणि म्हणाले, “काय रे, पैसे मागत फिरतोस? बाबांचा पगार झाला नाही वाटतं!” खिशातून दहाची नोट काढून दिली. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण माझा चेहरा खाडकन उतरला. मुलाला काही कळलं नाही, तो नोट बघून खूश. मी म्हटलं, “चल, झालं आता,” आणि त्याला घरी आणलं. वरच्या दोन मजल्यांवर आम्ही गेलोच नाही.

सासूबाईंना मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, “अवं, पोरगं काय भीक मागाले गेलं होतं? बोजारा हाये तो. सालदार का भिकारी असते?” मी काही बोलले नाही. माझं शिक्षण झालंय, फ्लॅट स्वतःचा आहे, आणि माझा मुलगा दारोदार हात पसरतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

म्हणून यंदा मी हुशारी केली. पोळ्याच्या आठ दिवस आधी त्याला विचारलं, “तुला काय हवं ते घेऊ, पण फिरायचं नाही.” त्याने रिमोटची गाडी मागितली. बाराशे रुपयांना आली. बैल माळ्यावरच राहिला.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी बेल वाजली. दारात आमच्या वॉचमनची दोन मुलं. मोठी मुलगी दहा वर्षांची असेल, धाकटा पाच-सहाचा. हातात मातीचे बैल, त्यांना चकमकीत कागदाच्या झुली. मुलीने बैल उंबऱ्यावर ठेवला आणि गप्प उभी राहिली. घरात काहीही तयार नव्हतं. कुणी येईल, असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पर्समध्ये सुटे नाहीत. मी बिस्किटांचा पुडा आणून दिला आणि दार लावलं. बैलाला कुंकू लावायचंही सुचलं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, “बैल दारात आला अन् पाणीही नाही घातलं पायावर?”

माझा मुलगा गाडीचा रिमोट हातात घेऊन उभा होता. “ते जातात मग मी का नाही?” याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते आठ वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. आपण तसे नाही आहोत, असं ते उत्तर होतं.

ती गाडी पंधरा दिवसांत बिघडली, हे सांगायला नकोच.

आता तुम्ही म्हणाल, हॅलोवीनचा विषय काढून ही पोळ्यावर काय बसली. पण बहिणीचा फोन ठेवल्यावर मला तीच संध्याकाळ आठवत होती. ती न्यू जर्सीत दुसऱ्यांच्या पोरांची वाट बघत वाडगा घेऊन बसते. मी अदिलाबादेत माझ्या पोराने दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणून बाराशे रुपये मोजले, आणि दुसऱ्यांची पोरं माझ्या दारात आली तर मला धड काही सुचलं नाही. आणि आता हॅलोवीनलाही तेच करणार होते, ७९९ रुपयांत.

काहीजण म्हणतील, परक्यांचा सण आहे, मुळात करायचाच कशाला? हा मुद्दा अदिलाबादेत मला फारसा पटत नाही. आपल्या मुली बतुकम्मा खेळतात. तो काही आपल्या पणज्यांचा सण नव्हता. शेजारच्या तेलुगू घरातल्या अक्कांनी “या गं” म्हणून बोलावलं, आपण गेलो, तंगेडूची पिवळी फुलं कशी रचायची ते त्यांनी शिकवलं, आणि आता नऊ दिवस आपल्यालाच चैन पडत नाही. माझी आई वणीकडची. ती भुलाबाईची गाणी म्हणायला घरोघरी जायची आणि प्रत्येक घरी झाकलेल्या डब्यात काय खिरापत आहे ते ओळखायला लागायचं. ओळखेपर्यंत डबा उघडत नसे. मी लहानपणी दोन्ही केलं. माणसाबरोबर आलेला सण परका राहत नाही. हॅलोवीन आपल्याकडे आलं ते फोनमधून, लिंकबरोबर. बोलावणारं कुणी नाही, दार उघडणारं कुणी नाही, म्हणून मग उरतं काय, तर वस्तू.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. आयांच्या ग्रुपवर एकीने सुचवलं, “मुलांना गुसाडी करूया, लोकल टच!” दिवाळीच्या आधी गोंड गावांमधून दंडारीची पथकं निघतात ती तुम्ही पाहिली असतील. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात दांडा, कमरेला घुंगरं. लहानपणी उटनूरच्या रस्त्यावर पहिल्यांदा गुसाडी पाहिला तेव्हा मी आईच्या पदरात तोंड लपवलं होतं. पण ते सोंग नव्हे. गुसाडी होणारा माणूस ते दिवस संपेपर्यंत व्रत पाळतो, आंघोळसुद्धा करत नाही, आणि लोक त्याच्या पाया पडतात. मारलावाईच्या कनक राजूंना याच नाचासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. क्रेप पेपरची पिसं लावून तो वेश भुताखेतांच्या रांगेत उभा करायचा नाही, एवढं मी ग्रुपवर लिहिलं. थोडी शांतता झाली, मग कुणीतरी “बरोबर आहे” म्हणालं. पण दंडारीतली एक गोष्ट मात्र आपण घ्यावी अशी आहे. एका गावचं पथक दुसऱ्या गावी जातं तेव्हा ते गाव सगळ्यांना पाहुणे म्हणून जेवू घालतं, आणि त्या गावाला त्याची तयारी आधीपासून असते. बेल वाजल्यावर पर्स शोधत नाहीत.

तर बादली मी मागवली नाही. मुलाला सांगितलं, “हॅलोवीनचं गिफ्ट आईबाबा देत नसतात. तिकडेसुद्धा नाही. मावशीला विचार.” त्याने खरंच विचारलं. मावशीने व्हिडिओवर वाडगा दाखवला. मग त्याचा पुढचा प्रश्न, “मग मला कोण देणार?”

ते मला बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारावं लागलं. लिहायला अर्धा तास लागला. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात मुलं सोंगं घेऊन फिरतील, ज्यांना चालेल त्यांनी दाराबाहेर पणती लावावी, दिवाळीच्या उरल्याच असतील. पणती नसेल तिथे मुलं बेल वाजवणार नाहीत. काय द्यायचं ते घरचं, चिक्की, चिवड्याची पुडी, बोर, काहीही. फक्त आपल्या मुलाला आपण द्यायचं नाही. मुलांनी प्रत्येक दारात एक गाणं किंवा कोडं म्हणायचं, मराठीत, तेलुगूत, हिंदीत, ज्याला जे येईल ते. आणि वॉचमनची दोन्ही मुलं याच घोळक्यात असतील. हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

बारा घरांपैकी सात घरांनी होकार दिला. एकाने लिहिलं, “आमच्याकडे हे चालत नाही,” आणि ते अगदी ठीक आहे. ते दहाची नोट देणारे गृहस्थ? त्यांचा होकार सगळ्यात आधी आला, सोबत भुताचे तीन इमोजी.

हे ऐकून आमच्या घरात एकच माणूस हसलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “इंग्रजाच्या भुताले सात दारं उघडतेत, अन् आपल्या बैलाले एकबी नाही?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोळ्याला हाच निरोप मी ग्रुपवर टाकू शकले असते. तेव्हा लाज वाटली, आणि हॅलोवीनला वाटली नाही. तुम्हाला काय वाटतं, ते मला जरूर कळवा. माझं स्वतःचं अजून नीट लागत नाही.

काल रविवारी आम्ही माळ्यावरून बैल काढला. मागचं एक चाक निखळलं होतं, म्हणून सुताराकडे घेऊन गेलो. त्याच्याकडे लग्नाच्या पलंगांची रांग लागलेली. त्याने बैल उलटा करून पाहिला, खालचं लाकूड बोटाने वाजवलं, आणि म्हणाला, “जुनं सागवान आहे ताई. पण पोळ्याला दहा महिने आहेत, आत्ताच काय घाई?”

मुलगा म्हणाला, “काका, वरच्या दोन मजल्यांवर पण जायचंय.”